दोन घरचं पाणी

मी पितळी तांब्या बोलतोय. या, बसा. भांड्यानं माणसासारखं या-बसा म्हणावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण माझं सगळं शिक्षण दुकानात झालं, आणि दुकानात शिकलेल्याला आल्यागेल्याला बसवल्याशिवाय चैन पडत नाही.

जन्म माझा सोनगीरचा. महामार्गावरून जाताना किल्ला दिसतो ना, त्याच्या पायथ्याच्या आळीत. आमच्याकडे सकाळ कोंबड्यानं होत नसे, ठोक्यांनी होई. वना तांबटानं मला तापवलं, निववलं, पुन्हा तापवलं, आणि अंगभर ठोके दिले. शेवटी वर उचलून बोटानं टिचकी मारली आणि कान लावला. भांड्याला चीर असेल तर आवाज बसका येतो. माझा चांगला आला असावा, कारण तो बायकोला म्हणाला, "हाऊ बोलका शे."

तिथून मी धुळ्याला आग्रा रोडवर पुखराज शेठच्या दुकानात आलो. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठची शाळा चौथीत सुटली. खरं वाचायला ते शिकले भांडी बांधायच्या रद्दीवरून. कढई बांधता बांधता अर्धी बातमी वाचायची आणि उरलेली अर्धी गिऱ्हाईक घेऊन गेलं म्हणून हळहळायचं. तेच गिऱ्हाईक महिन्याभरानं परत आलं की शेठ आधी विचारायचे, "त्या खुनाचं पुढे काय झालं हो?" मी त्यांच्या फळीवर सहा वर्षं काढली. माणूस दुकानात काय मागतो आणि त्याला खरं काय हवं असतं, यातला फरक मी तिथे शिकलो.

सहाव्या वर्षी शेठ आणि त्यांचे धाकटे भाऊ प्रेमराज यांचं बिनसलं. वाटणी ठरेना, म्हणून दुकानाच्या मधोमध एक सुतळी बांधली. पातेली राहिली पुखराजांच्या बाजूला आणि झाकणं गेली प्रेमराजांच्या बाजूला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. अशात एक दिवस पंचविशीचा एक उंच, सावळा तरुण बहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला. नाव अमृत भामरे. सोनगीरपासून दोन कोसांवरच्या गावचा.

त्यानं तासभर दोन्ही भावांचे चेहरे पाहिले. मग म्हणाला, "शेठ, पातेलं तुमच्याकडे, झाकण त्यांच्याकडे. माझ्या बहिणीनं सासरी काय उघड्यावर शिजवायचं?"

दोघंही आपापल्या बाजूची भांडी पुसू लागले. तेव्हा त्यानं हात वर करून फळीवरून मला काढलं. दोन्ही भावांची घरं दुकानाच्या वरच होती. त्यानं एका घरून माझ्यात अर्धं पाणी घालून घेतलं, दुसऱ्या घरून अर्धं. सुतळीच्या अगदी वर उभा राहिला, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून धार धरून प्यायला. सगळं दुकान बघत होतं.

"एका घरनं पानी खारं शे," तो तोंड पुसत म्हणाला, "पन कोननं ते समजत नही."

पुखराज शेठच्या पत्नी लाडकुंवर जिन्यात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "खारं कसं असेल, भाऊ? दोन्ही घरांना नळ एकच आहे!"

आधी प्रेमराज हसले, मग गिऱ्हाइकं, आणि सगळ्यात शेवटी पुखराज. सुतळी त्याच दिवशी सुटली. अमृतनं मात्र जाताना पुखराजांना बाजूला घेऊन सांगितलं, "शेठ, मी तुमचं गिऱ्हाईक. म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे. आपल्या माणसानं हातभर जास्त सोडायचं असतं. दुकानाची दर्शनी गादी धाकट्याला द्या." शेठनी दिली. वर मला कागदात बांधून त्याच्या हातात ठेवलं. "याचे पैसे नाहीत. याचा उपयोग तुम्हाला कळलाय, मला नव्हता कळला."

असा मी अमृतभाऊंचा झालो, आणि त्यांचं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आपल्या माणसानं जास्त सोडायचं. तेव्हा मलाही ते फार आवडलं होतं.

पुढच्या चाळीस वर्षांत मी इतक्या घरचं पाणी पोटात घेतलं, की कोणत्या विहिरीचं जड आणि कोणत्या बोअरचं मचूळ हे मी डोळे मिटून सांगेन. बांधावरून डोकी फुटलेले भाऊ, पाटाच्या पाण्यावरून कोर्टात गेलेली गावं, लग्नात मानपान चुकला म्हणून रुसलेले व्याही. अमृतभाऊ जायचे, दोन्ही घरून पाणी मागायचे, मला पारावर मधोमध ठेवायचे. आधी ते पीत, मग दोन्ही बाजू. एका तांब्यातलं पाणी प्यायल्यावर माणसाला लगेच शिवी देता येत नाही. घसा ओला असेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात ते बोलून घ्यायचे.

एक सवय त्यांना माझ्यामुळेच लागली. कोणी काहीही विचारलं तरी आधी माझ्यातला एक घोट घ्यायचा, मग उत्तर द्यायचं. त्या घोटात रागाचं उत्तर गिळलं जायचं आणि मधलं उत्तर वर यायचं.

लोकांनी त्यांना जिल्हा परिषदेत पाठवलं, मग विधानसभेत, एकदा नाही, पाच वेळा. अमृतभाऊचे अमृतनाना झाले. शेवटची दहा वर्षं ते पक्षाच्या आमदारांचे नेते होते. सभागृहात मला नेत नसत, मी आमदार निवासातल्या खोलीत टेबलावर असायचो. सकाळी सभागृहात एकमेकांवर कागद भिरकावणारी माणसं संध्याकाळी नानांच्या खोलीत वरण-बट्टी खायला शेजारी शेजारी बसलेली मी पाहिली आहेत. धरणाच्या पाण्याचं एक विधेयक तीन दिवस अडलं होतं, ते त्या खोलीत वांग्याचं भरीत संपेपर्यंत सुटलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'खानदेशचा मवाळ नेता'. पुखराज शेठनी ते कात्रण मुद्दाम धुळ्याहून आणलं आणि विचारलं, "नाना, हे कौतुक आहे की तक्रार?"

नानांनी घोट घेतला. "दोन्ही बाजूंनी वाचता येतं, शेठ."

"तुमचं सगळंच तसं आहे," शेठ म्हणाले.

बाहेर नानांचं नाव मोठं होत होतं. घरात मात्र मी वेगळं काही बघत होतो.

गावाला रस्ता आला. सरळ गेला असता तर विरोधकाच्या शेतातून जात होता. नानांनी तो वळवून सख्ख्या भावाच्या, छगनआबांच्या मोसंबीच्या बागेतून नेला. बाग मधोमध फाटली. छगनआबा त्यानंतर दिवाळीला आमच्याकडे आले नाहीत. नानांच्या पत्नी भिकुबाई कमी बोलायच्या, पण त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमना न्याय बठ्ठा आमना पदरमाईन जास." म्हणजे न्याय नानांचा, आणि तो सगळा जातो घरच्यांच्या पदरातून.

मुलींची माध्यमिक शाळा मंजूर झाली. आमच्या गावचा नंबर पहिला होता. नानांनी ती शेजारच्या गावाला दिली, कारण त्या गावानं त्यांना मतं दिली नव्हती. "घरात शाळा नेली असं कोणी म्हणायला नको." सगळ्या तालुक्यानं वाहवा केली. आणि त्यांची एकुलती एक लेक, सुलक्षणा, रोज सायकलवरून शेजारच्या गावी जाऊ लागली.

चैत्रातल्या एका दुपारी ती घरी आली. चेहरा धुळीनं पांढरा, चेन तुटलेली, हात काळे. मला दोन्ही हातांनी उचललं आणि काठाला ओठ लावून सगळं पाणी एका दमात संपवलं. मग नानांना म्हणाली, "नाना, एकदा तरी आपल्या बाजूनं न्याय करा की!"

नाना हसले. "न्यायाला बाजू नसते, सुला."

"पण मला तर आहे ना?" ती म्हणाली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. नानांना ते बोलणं फार हुशारीचं वाटलं, त्यांनी ते चार जणांना कौतुकानं सांगितलं. उत्तर मात्र दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, इतक्या मोठ्या माणसाच्या आयुष्यात एवढीशी गोष्ट काय घेऊन बसलास? पण मंडळी, त्यांचं मोठेपण सांगायला बाहेर पुष्कळ लोक आहेत. मी घरातलं भांडं. मला घरातलंच दिसतं.

सुलक्षणाचं लग्न चाळीसगावच्या मुलाशी झालं. जावई धुळ्याला कॉलेजात शिकवायचे, म्हणून तिचं राहणं धुळ्यात आणि सगळं काम आमच्या तालुक्यात. पंधरा वर्षं ती गावोगाव फिरली. बायकांचे बचत गट उभे केले, दुष्काळात चारा छावणी चालवली, मुलींसाठी सकाळची एसटी सुरू करायला डेपोत तीन दिवस बसून राहिली. करोनात भिकुबाई गेल्या तेव्हा तेराव्याला तालुक्यातल्या बायका नानांसाठी नाही, सुलक्षणासाठी आल्या होत्या. मी पाहिलंय, पाणी देऊन देऊन मी रिकामा होत होतो.

नानांनी ठरवलं, आता पुरे, यंदा उभं राहायचं नाही. जागा मोकळी झाली. तिकीट सुलक्षणाला मिळणार हे इतकं उघड होतं, की लोकांनी तिला आधीच हार घालायला सुरुवात केली.

पण रुपचंदलाही तिकीट हवं होतं. रुपचंद म्हणजे आमच्याच पक्षातला एक दणकट गडी. त्याच्यामागे पोरांचा ताफा होता, सरपंच होते, आणि मुख्य म्हणजे तो मुंबईत सांगून आला होता, की मला डावललंत तर मी चार आमदार घेऊन बाहेर पडेन.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी सुलक्षणा आली. समोर बसली आणि म्हणाली, "नाना, तिकिटाच्या समितीत तुम्ही नऊ जण आहात. मी सगळ्यांना भेटून आले. सहा जण माझ्या बाजूचे आहेत. तुम्ही माझ्यासाठी काहीच बोलू नका. तुम्हाला ते जमणार नाही, मला माहीत आहे. फक्त गप्प बसा. तोंडात घोट धरा आणि गप्प बसा. एवढं कराल?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

पुखराज शेठही त्या दिवशी आले होते. सत्तरी उलटली होती, पण जीभ तशीच. ते म्हणाले, "नाना, दुकानात आम्ही पण तराजू सरळ ठेवतो. पण तो सरळ ठेवायला घरचा माल फुकट टाकत नाही. चाळीस वर्षं टाकलात, आता बस करा."

समितीची बैठक मोठ्या टेबलाभोवती झाली. प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली, नानांसमोर मी. अध्यक्षांनी यादी वाचत आमच्या मतदारसंघाचं नाव घेतलं. "सुलक्षणाताईंचं नाव आहे. कोणाची हरकत?"

अध्यक्षांनी पेन उचललं. नानांनी मला उचललं, घोट घेतला. मी मनात म्हणालो, धरा नाना, तोंडात धरा. एवढा एक घोट धरा.

त्यांनी तो गिळला.

"माझी आहे," नाना म्हणाले. "माझी मुलगी आहे म्हणूनच माझी हरकत आहे. पक्ष एक राहायचा असेल तर आपल्या माणसानं सोडायला हवं. मी रुपचंदचं नाव सुचवतो."

टाळ्या वाजल्या. एका म्हाताऱ्या सभासदांचे डोळे भरून आले. असा माणूस होणे नाही, असं सगळे म्हणाले. नाना बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता, आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

सुलक्षणानं बातमी मोबाइलवर वाचली. घरी आली नाही, फोन केला. नानांनी तो स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं. "नाना, मी तुमच्याकडे न्याय मागितला नव्हता. गप्प बसणं मागितलं होतं." एवढंच. ती रडली असती तर बरं झालं असतं.

ती अपक्ष उभी राहिली. नानांनी रुपचंदचं नाव सुचवलं होतं, म्हणजे शब्द दिलेला. ते रुपचंदच्या एका सभेला गेले, धरणाच्या कालव्यावर वीस मिनिटं बोलले आणि दोघांपैकी कोणाचंही नाव न घेता खाली उतरले. रुपचंदची माणसं म्हणाली, म्हातारा लेकीला मिळाला. सुलक्षणाच्या बायका म्हणाल्या, बापानंच पोरीला मारलं. आयुष्यभर दोन्ही बाजू त्यांच्यावर खूश असायच्या. आता पहिल्यांदाच दोन्ही बाजू रागावल्या होत्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी नाना शाळेतून मत देऊन घरी आले. सरळ आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि भिकुबाईंच्या फोटोसमोर बसले. मी कोपऱ्यातल्या तिवईवर होतो. डाव्या हाताच्या बोटाची शाई अजून ताजी होती, ते ती उजव्या अंगठ्यानं पुसत राहिले. नानांना मी सभेत, पंचायतीत, मुंबईत नेहमी पुस्तकी मराठीत बोलताना ऐकलंय. भिकुबाईंशी मात्र ते घरची अहिराणीच बोलायचे.

"भिकु," ते म्हणाले, "आज मी पोरले मत दिधं."

अंगठा पुन्हा शाईवरून फिरवला.

"रुपचंदले शब्द दियेल व्हता. तरी पोरलेच दिधं. हात गया नही दुसरीकडे."

त्या दिवशी त्यांनी घोट न घेता उत्तर दिलं होतं. यंत्रासमोर, पुठ्ठ्याच्या आडोशाला, जिथे बघायला कोणी नव्हतं आणि वाहवा करायला कोणी नव्हतं, तिथे हा माणूस एकदा, फक्त एकदा, आपल्या लेकीच्या बाजूला उभा राहिला. आणि ते ऐकायला होतो कोण? एक फोटो आणि एक तांब्या.

सुलक्षणा नऊशे सहा मतांनी पडली. जावयांनी चाळीसगावच्या कॉलेजात बदली करून घेतली, आणि ट्रकमध्ये सामान भरून दोघं गेले. जाताना ती नानांच्या पाया पडून गेली. पाया पडली, पण वर बघितलं नाही.

आणि रुपचंद? निवडून आल्यावर चौथ्याच महिन्यात तो सात आमदार घेऊन बाहेर पडला. ज्यासाठी लेक दिली, तो पक्ष मधोमध फाटला, छगनआबांच्या बागेसारखा.

नानांनी शेवटचा प्रयत्न केला. दोन्ही गटांना गावी बोलावलं, अंगणात सतरंजी अंथरली, मला चिंच लावून घासलं आणि मधोमध ठेवलं. पंचवीस गाड्या आल्या. नाना उठून म्हणाले, "दोन्हीकडून थोडं थोडं पाणी घाला रे यात." लोक एकमेकांकडे बघून हसले. कोणाचंच घर तिथे नव्हतं, प्रत्येकाच्या हातात आपापली सीलबंद बाटली होती. दोन-तीन पोरांनी मोबाइल काढून माझा व्हिडिओ घेतला. रुपचंद जरा ओशाळून म्हणाला, "नाना, हे आता गावकीचं राहिलं नाही. तुमच्याबद्दल आदर आहेच." सगळ्यांना नानांबद्दल आदर होता. आदर ठेवून ते आपापल्या गाडीत बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला घरच्या पाण्यानं अर्धं भरलं, वर फुलपात्र उपडं घातलं, पिशवीत उभं धरलं आणि धुळ्याहून चाळीसगावची गाडी पकडली. रस्ताभर पिशवी मांडीवर. शिरुड गेलं, जामदा गेलं, ते खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. काय बोलायचं याची तालीम चालली होती.

सुलक्षणानं दार उघडलं. "या नाना." बसायला दिलं, पोहे केले, जावयांची, मुलांची चौकशी झाली. मग नानांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"पाणी आणलंय घरचं. अर्धं आहे," ते म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसली, पण ते हसू नव्हतं. "आणि मध्ये बसणार कोण, नाना? इथे तर एक बाजू तुम्हीच आहात."

"आपण दोघंच बसू."

"मग यात जास्त सोडायचं कोणी? तुमच्या माणसानं? म्हणजे मीच की."

"सुला, त्या वेळी रुपचंदचंही एक म्हणणं होतं, पक्षाची—"

"बघा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सात महिन्यांनी लेकीच्या दारात आलात आणि पहिलं नाव रुपचंदचं. नाना, मला तिकिटाचं काही नाही. मी हरले, ठीक आहे. मला एकच विचारायचं आहे, त्याचं सरळ उत्तर द्या. त्या दिवशी तुम्ही मत कोणाला दिलंत?"

मंडळी, मी पितळेचा आहे. तरी त्या क्षणी माझ्यातलं पाणी हललं असेल, एवढा मी हादरलो. याच्यासाठीच तर आलो होतो! गाडीत ओठ हलत होते ते यासाठीच. बोला नाना. एवढे दोन शब्द.

नानांनी हात पुढे केला. चाळीस वर्षांची सवय. फुलपात्र बाजूला केलं, मला उचललं, वरून घोट घेतला. त्यांच्या गळ्याचा कंठमणी खाली गेला, वर आला. आणि त्या घोटाबरोबर ते सरळ उत्तरही खाली गेलं.

"मतदान गुप्त असतं, सुला," नाना म्हणाले.

तिनं फुलपात्र परत माझ्यावर उपडं घातलं. मग उठली, पोह्यांच्या बशा उचलल्या आणि आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. त्या पाण्यातलं थेंबभरही माझ्यात पडलं नाही.

परतीच्या गाडीत समोर केळी घेऊन निघालेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नाना खिडकीला डोकं टेकवून पुटपुटत होते, "तुलेच दिधं, बेटा. तुलेच." बाईंना वाटलं, आजोबांना काही हवंय. त्यांनी एक केळ पुढे केलं. नानांनी ते घेतलं आणि धुळे येईपर्यंत हातात धरून ठेवलं.

का नाही सांगितलं? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. पुखराज शेठना कळलं असतं तर ते म्हणाले असते, जो माल कधी विकलाच नाही, त्याचा भाव ऐन वेळी तोंडात येत नाही. मला वाटतं, त्यांना लाज वाटली. शब्द मोडल्याची की लेकीला इतका उशीर केल्याची, ते मात्र मला सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी नानांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या माणसानं बोलून बोलून दोन जिल्हे जोडून ठेवले होते, त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. सुलक्षणा बातमी कळताच आली आणि बावीस दिवस दवाखान्यातून हलली नाही. पुसायची, कूस बदलायची, माझ्यातलं पाणी चमच्यानं पाजायची. एकदा तिच्या मैत्रिणीनं, दीपमालानं, व्हरांड्यात विचारलं, "माफ केलंस?" ती म्हणाली, "सेवा करतेय. बाकीचं विचारू नकोस."

शेवटच्या आधीच्या दिवशी सकाळी नाना शुद्धीवर होते. त्यांनी डावा हात उचलला. तेवढाच उचलता येत होता. पहिलं बोट लांब केलं, सुलक्षणाकडे वळवलं, आणि तिच्या तळहातावर दाबलं. पुन्हा उचललं, पुन्हा दाबलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी उशाशी होतो. मला कळलं. ते शाईचं बोट होतं. ते मत देत होते.

त्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावलेला होता.

"टोचतंय का, नाना?" सुलक्षणा म्हणाली. तिनं अलगद चिमटा काढला, बोट चोळलं, आणि तो शेजारच्या बोटाला लावला. "आता बरं वाटतंय ना?"

नानांनी डोळे मिटले.

शोकसभेला दोन्ही गट आले, एकाच मांडवात बसले. रुपचंद बोलताना रडला, आणि खोटं रडला नाही. अमृतनानांनी पोटच्या मुलीपेक्षा पक्ष मोठा मानला, असं तो म्हणाला तेव्हा मांडवभर टाळ्या पडल्या. सुलक्षणा बायकांमध्ये मागे बसली होती. टाळ्या थांबेपर्यंत ती खाली बघत होती. पुखराज शेठना बोलायला उभं केलं. ते माइकसमोर उभे राहिले, "माझं गिऱ्हाईक होतं," एवढं म्हणाले आणि खाली बसले.

घरातलं सामान वाटलं गेलं तेव्हा सुलक्षणानं काही मागितलं नाही. छगनआबांनीच मला तिच्या हातात दिलं. तेव्हापासून मी चाळीसगावला आहे, तिच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाशेजारी. ती मला रोज घासते, रोज भरते. राजकारण तिनं सोडलं. मागे दोन जावा भांडण घेऊन आल्या, ताई तुम्ही निवाडा करा म्हणून. तिनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "या घरात निवाडा होत नाही. तुमच्यापैकी जिला जास्त रडू येतंय, मी तिच्या बाजूची."

मला ते फार पटलं. आणि तिच्या बापालाही एकदा ते पटल्याचं तिला कधीच कळणार नाही, याचं वाईट वाटलं.

वना तांबट मला बोलका म्हणाला होता. भाबडा माणूस. मी किती बोलका आहे हे मी आता रोज बघतो. सकाळी ती मला तोंडाजवळ नेते, काठाला ओठ लावते, तिच्या माझ्यामध्ये बोटभरही अंतर नसतं. मी ओरडतो, सुला, तुलाच दिलं, त्यांनी तुलाच दिलं. तिला पाण्याचा आवाज ऐकू येतो.

म्हणून मी तुम्हाला सांगत बसलो. तुम्हाला तोंड आहे. कधी चाळीसगावला उतरलात तर स्टेशनाबाहेर कोणालाही प्राध्यापकांच्या सुलक्षणाताईंचं घर विचारा, दाखवतील. ती दार उघडेल, बसायला सांगेल, पाणी आणेल. पाणी नंतर प्या. आधी सांगून टाका.